लेकीच्या दम्यासाठी गाडी घ्यायची, पण कुठली?

पत्र थोडक्यात असं: छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरीला, यजमान वाळूजच्या कंपनीत. चौथीतल्या मुलीला बालदमा आहे. शाळा चार किलोमीटरवर, जालना रोडला लागून, सकाळी सातची. मुलगी रिक्षाने जाते. रिक्षा जुनी, धूर ओकणारी आणि आत नऊ मुलं कोंबलेली. गेल्या हिवाळ्यात तिला दोनदा रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. यजमान म्हणतात, ओळखीत 2017 ची डिझेल कार साडेचार लाखांत मिळतेय, घेऊन टाकू. एसी लावला, काचा वर केल्या की पोरगी सुरक्षित. ताईंच्या मनात विजेची स्कूटर आहे. त्यावर सासरे म्हणतात, बॅटरी पेटते. दीर म्हणतात, विजेची गाडी म्हणजे इथला धूर परळीच्या वीज केंद्राकडे नेऊन सोडायचा. सासूबाईंचं म्हणणं, आई घरात असती तर पोरीवर ही वेळच आली नसती. ताईंचा प्रश्न आहे, "नेमकं काय घेऊ? आणि खरंच माझ्या नोकरीमुळे तिचे हाल होताहेत का?"

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलाय. मी आधी तोच घेते. नाही, तुमच्या नोकरीमुळे नाही. दमा होणाऱ्या मुलांच्या श्वासनलिका मुळात हळव्या असतात. त्यात घराण्यातून आलेला भाग असतो, ॲलर्जी असते, आणि मग धूर, धूळ, थंड कोरडी हवा किंवा साधी सर्दी त्यांना डिवचते. तुम्ही दिवसभर घरी असतात, तरी मुलगी त्याच रिक्षात बसून त्याच रस्त्याने शाळेला गेली असती. सासूबाईंना नातीची काळजी आहे, ती चुकीच्या दिशेने बाहेर पडतेय. त्यांना एक काम द्या, त्याचं पुढे सांगते.

गाडीकडे वळण्याआधी एक विचारते. डॉक्टरांनी रोजचा पंप (इनहेलर) दिला असेल, तर तो रोज घेतला जातो का? आपल्याकडे बऱ्याच घरांत उन्हाळ्यात पोर खेळायला लागलं की पंप कपाटात जातो, कारण 'सवय लागते' ही भीती. दम लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा आणि दम लागूच नये म्हणून घ्यायचा वेगळा. दुसरा बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नसतो. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना किंवा घाटीतल्या (आपल्या सरकारी रुग्णालयातल्या) डॉक्टरांना हिवाळा लागण्याआधी एकदा भेटा, पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून नीट घेतला जातोय का ते त्यांच्यासमोर करून दाखवा, आणि पीक फ्लो मीटर मागा. छोटी नळी असते, त्यात जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा कळतो. सकाळ-संध्याकाळ तो आकडा वहीत लिहायचा. ही वही सासूबाईंकडे सोपवा. रात्री घरात डासांची कॉइल लावत असाल तर आजपासून बंद करा. रस्त्यावरचा धूर टाळून उशाशी दुसरा धूर पेटवण्यात अर्थ नाही.

आता गाडी. यजमानांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. काचा बंद असल्या आणि एसीचं वळलेल्या बाणाचं बटण दाबलेलं असलं, म्हणजे आतलीच हवा आत फिरत असली, तर छोट्या प्रवासात बारीक कण आत कमी येतात. ते बटण दाबायचं राहिलं तर मात्र पुढच्या ट्रकचा धूर एसीच्या जाळीतून थेट पोरीच्या तोंडावर येतो. बटण दाबून फार वेळ बसलं तरी पंचाईत, कारण माणसांच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोकं जड होतं. पंधरा मिनिटांना हरकत नाही.

पण ही गाडी डिझेलची आहे आणि 2017 ची आहे. देशभर गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम लागू झाले 1 एप्रिल 2020 ला. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी सर्रास आली ती तेव्हापासून. 2017 च्या गाडीत ती सहसा नसते. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. बरं, नवी बीएस-6 डिझेल घेतली तरी या कामाला ती चुकीचीच. त्या गाळणीतली काजळी जळून जायला ती चांगली तापावी लागते, आणि तापायला गाडी लांबवर सलग वेगात पळावी लागते. सकाळी गार इंजिन, चार किलोमीटर, मध्ये सिग्नल आणि स्पीडब्रेकर, की परत घर: यात गाळणी कोंदते आणि गॅरेजचं बिल येतं. डिझेल गाडी रोज बीड-लातूर करणाऱ्याने घ्यावी. शाळेच्या फेरीला ती घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हालाही जाणवली असणार, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. गाडीतून तुमची मुलगी काचेआड जाईल. तिच्या मागे कुणाच्या तरी स्कूटीवर दुसरी एक मुलगी असेल, कदाचित तिच्याच वर्गातली, आणि ती तुमच्या गाडीच्या धुरात असेल. शिवाय काच कितीही घट्ट लावली तरी शाळेच्या फाटकाशी दार उघडावंच लागतं.

त्या फाटकाबद्दल मला जास्त बोलायचंय. तुमचं पत्र आलं, त्याच आठवड्यात मी एका सकाळी जालना रोडलगतच्या एका शाळेपाशी जाऊन उभी राहिले. तुमचीच शाळा असेल असं नाही. पावणेसात वाजले होते, कानाला रुमाल बांधावा अशी थंडी. फाटकाच्या दोन्ही बाजूंना रिक्षा आणि व्हॅन लागलेल्या, बहुतेकांची इंजिनं सुरू. रिक्षाच्या धुराची नळी जमिनीपासून हातभर उंचीवर असते. थंडीमुळे धूर वर जायचं नावच घेत नव्हता; पांढुरका झोत मुलांच्या दप्तरापर्यंत यायचा आणि तिथेच रेंगाळायचा. मुलं मागच्या बाजूने उतरत होती, म्हणजे बरोबर त्या झोतात. एका मुलीने उतरल्या उतरल्या स्कार्फ नाकावर ओढला, रोजची सवय असावी तसा. मी एका रिक्षावाल्याला विचारलं, भाऊ, गाडी बंद का करत नाही? तो म्हणाला, "बंद केली की लवकर चालू होईना झाली मावशी, थंडीनं तरास द्यायली, म्हून चालूच ठेवायलोत." खोटं बोलत नव्हता. मी वीस मिनिटं उभी होते, घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमालावर काळं आलं.

आपल्या हिवाळ्यात हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. रात्री जमीन लवकर गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर त्याहून उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. ऊन चढून जमीन तापेपर्यंत ते झाकण निघत नाही, आणि खाली सोडलेला धूर, उडालेली धूळ खालीच कोंडून राहते. तुमच्या मुलीची शाळेत जायची वेळ नेमकी तीच. त्यात गार कोरडी हवा तिच्या छातीला वेगळी त्रास देते.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय 2024 मध्ये निघाला. तो निघाला मुलांच्या झोपेसाठी, पण तुमच्या कामाचा आहे. तुमच्या शाळेत चौथी अजून सातला का भरते, हे पालकसभेत लेखी विचारा. नऊला रस्त्यावर वर्दळ जास्त असते हे खरं. तरी थंडी ओसरलेली असते आणि ते झाकण सैल पडायला लागलेलं असतं. शाळेने नाहीच ऐकलं, तर निदान डिसेंबर-जानेवारीत गर्दी व्हायच्या आत, दहा-पंधरा मिनिटं आधी तिला फाटकाच्या आत सोडा.

दुसरी गोष्ट रस्त्याची. वाहनांचा धूर मोठ्या रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतो आणि शे-दोनशे मीटर आत गेलं की झपाट्याने विरळ होतो. सूतगिरणी चौकातून सेव्हन हिलकडे मोठ्या रस्त्याने जाण्याऐवजी कॉलन्यांमधल्या गल्ल्यांनी जाऊन पाहा. चार-पाच मिनिटं जास्त लागतील. सिग्नलला थांबायचं झालं तर बस आणि ट्रकच्या मागे थांबू नका, बाजूला किंवा अंतर राखून थांबा. सुती स्कार्फ धुळीला ठीक आहे, पण बारीक कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान असतात, ते कापडातून आरपार जातात. मुलांच्या मापाचा एन-95 मास्क तोंडावर चपखल बसला तर ते कण अडवतो. वायू नाही अडवत. दम्याच्या मुलीला तो घालून गुदमरल्यासारखं होतं का, हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

तिसरी गोष्ट फाटकाची, आणि सगळ्यांत लवकर फळ देणारी हीच आहे असं मला वाटतं. रिक्षा, व्हॅन, गाड्या सगळ्यांनी फाटकापासून शंभर-दीडशे मीटर अलीकडे, आतल्या गल्लीत थांबायचं, थांबल्यावर इंजिन बंद, आणि तिथून मुलं चालत जातील. रोज दोन पालक आळीपाळीने उभे राहिले की झालं. शाळेला खर्च नाही. तुम्ही एकट्याच बोलाल तर 'एका मुलीसाठी एवढं?' असं ऐकावं लागेल. म्हणून आधी वर्गात आणखी किती मुलं पंप घेतात ते विचारून पाहा. तुम्ही धरून चाललाय की तुमच्या एकटीच्याच मुलीचा हा प्रश्न आहे. मला तसं वाटत नाही.

मुख्याध्यापकांना सांगायला आधारही आहे. केंद्राने 2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या त्या यादीत मराठवाड्यातली तीन शहरं आहेत: आपलं संभाजीनगर, जालना आणि लातूर. आपल्या देशाची पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 पासून ती 5 वर आणलीय. रोजचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर दिसतो. फार वाईट दिसला तर त्या दिवशी मैदानावरची कवायत नको, असं शाळेला कळवून ठेवा. (जालन्याच्या वाचकांनी एवढं लक्षात घ्यावं की तिथे लोखंडाच्या भट्ट्यांचाही धूर आहे, नुसत्या गाड्या बदलून तिथलं काम भागणार नाही.)

आता तुमची स्कूटर.

सासऱ्यांची भीती हवेतली नाही. 2022 च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या होत्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. एक टप्पा डिसेंबर 2022 ला, दुसरा 31 मार्च 2023 ला. म्हणून त्यानंतर बनलेलीच गाडी घ्या, जुनी वापरलेली घेऊ नका, आणि लायसन-नंबर लागत नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या ताशी 25 किलोमीटरच्या स्वस्त गाड्यांच्या नादी लागू नका. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, तास-दीड तास सावलीत निवू द्यायची. प्लगला नीट अर्थिंग हवं. घरातून बाहेर पडायच्या एकुलत्या एक दाराजवळ रात्रभर चार्जिंगला लावू नका. सासऱ्यांना शोरूमला सोबत न्या, प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

दिरांचा परळीचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. वीज कोळशातूनच येते बहुतेक, आणि परळीच्या औष्णिक केंद्राभोवतीच्या लोकांनी राखेचा त्रास वर्षानुवर्षं काढलाय. तेव्हा हिशेबच करून पाहू. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण 30 किलोमीटर जाते. शाळेच्या दोन फेऱ्या म्हणजे 16 किलोमीटर, म्हणजे अर्धं युनिट. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, तर अर्ध्याला पावणेचारशे-चारशे ग्रॅम, आणि आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राखच असते. म्हणजे तुमच्या लेकीच्या शाळेमागे रोज मूठ-दोन मूठ राख. शून्य नाही, दिरांचं बरोबर आहे. पण पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली जेमतेम पाव ताकद चाकापर्यंत पोचते, बाकी उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या मोटारीत बहुतेक सगळी चाकाला मिळते. आणि केंद्राच्या चिमणीला राख पकडायची यंत्रणा बसवता येते, तपासता येते. शहरभर फिरणाऱ्या लाखो नळ्यांना ते कोण करणार? छत तुमच्या मालकीचं असेल तर दिरांना वेगळ्या कामाला लावा: पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सौर संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. ऊन आपल्याला कुणाकडून उसनं आणायचं नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याही बाजूची तपासायला हवी. विजेची स्कूटर धूर सोडत नाही, पण धुरापासून वाचवतही नाही. तिच्यावर बसलेली मुलगी उघड्यावरच असते. रस्त्यावरची धूळही तिच्याने कमी होत नाही. म्हणून आधी वेळ, रस्ता आणि फाटक, मग स्कूटर. हेल्मेट तुमच्या दोघींच्या डोक्यावर हवंच, चार वर्षांवरच्या मुलांना ते कायद्यानेही लागतं. दिवसाला पेट्रोलचे जे पस्तीस-चाळीस रुपये गेले असते, तिथे विजेचे पाच-सात जातील.

थेट विचारलंत म्हणून थेट सांगते. डिझेल कार नको. स्कूटर घ्या, पण पहिला महिनाभर काहीच घेऊ नका. पंप नियमित, वेळ बदललेली, गल्लीतून रस्ता, घरी कॉइल बंद, आणि वहीत रोजचे आकडे. महिन्याने वही घेऊन यजमानांसोबत बसा. आकडे बोलतात तेव्हा घरातला वाद शांतपणे होतो. पावसाळा, पाहुणे, गावाकडचं जाणं यासाठी कार हवीच असेल, तर पेट्रोल-सीएनजीची बीएस-6 किंवा ऐपत असेल तर छोटी विजेची बघा. चार घरांनी एकदम गाड्या घेतल्या तर भावातही सूट मागता येते. 2010 मध्ये दीडशे मर्सिडीज एकदम घेऊन गाजलेल्या या शहरातल्या उद्योजकांनी अलीकडे विजेच्या गाड्याही अशाच एकगठ्ठा घेतल्या. यजमान मोटारसायकलने वाळूजला जात असतील, तर कंपनीची बस धरता येते का तेही पाहा. रोज तीसेक किलोमीटर तेही तोच धूर खाताहेत, त्यांच्या छातीची चौकशी घरात कुणी केलेली तुमच्या पत्रात दिसली नाही.

राहिला रिक्षावाला. तुमच्या पत्रात तो फक्त धूर सोडणारा माणूस आहे. नऊ मुलं तो हौसेने कोंबत नाही. महिन्याची फी कमी, म्हणून डोकी जास्त. त्या धुरात तुमची मुलगी अर्धा तास असते, तो दिवसाचे दहा-बारा तास. त्याची पीयूसी (धूर तपासणीचं प्रमाणपत्र) संपलेली असेल तर दंड 10,000 पर्यंत होऊ शकतो, पण तक्रार ही शेवटची पायरी ठेवा. आधी तुमच्या गल्लीतली चार-पाच घरं एकत्र या आणि त्याला सांगा: मुलं कमी बसव, आम्ही प्रत्येकी जास्त देतो, वर्षभराची हमी देतो. अशी बांधलेली कमाई दाखवता आली तर सीएनजी किंवा विजेच्या रिक्षाचं कर्ज मिळणं त्याला सोपं जाईल. राज्याची पिंक ई-रिक्षा योजना बायकांसाठी आहे. त्यात 20 टक्के सरकार देतं, 10 टक्के स्वतःचे, 70 टक्के बँकेचं कर्ज, आणि आपला जिल्हा तीत आहे. सोमवारी मुलीला सोडायला तुम्ही स्वतः जा, त्याच्याशी दोन मिनिटं बोला, आणि त्याच्या घरी बायको, बहीण, कुणी रिक्षा चालवायला तयार आहे का ते विचारून या. काय म्हणाला ते मला कळवा.